लिनक्स मिंट २२ : तारेचं नेट चोख, डोंगल मात्र पारखून घ्या

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडता, ते मान्य करत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांत, हरभट रोडवरच्या काउंटरांवर, मिरजेतल्या दवाखान्यांत मात्र एच६१ मदरबोर्ड आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय३ असलेले डेस्कटॉप अजून रोजचं काम करताहेत. हे परीक्षण त्या मशीनवर लिनक्स मिंट २२ ही विंडोजच्या जागी बसणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम कशी चालते याचं आहे, आणि त्यातही नेट आणि हार्डवेअर अडलं तर काय करायचं याचं. दिसायला मिंट छानच आहे, पण काउंटरवरच्या माणसाला नेट हवं असतं, प्रिंट हवी असते.

निकाल आधीच सांगतो. तारेच्या नेटसाठी मिंट २२ निःशंकपणे घ्यावं. वायफाय डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या वायफायच्या कांडीवर, चालवायचं असेल तर आधी डोंगलची चिप बघावी. आणि हिशोब टॅलीवर असेल तर त्या मशीनला हात लावू नये. टॅली हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन वापरून ते चालवण्याचे खटाटोप करता येतात, पण जीएसटी भरायच्या दिवशी त्या खटाटोपावर विसंबणं चूक आहे. अंगठ्याचं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्या सेवा केंद्रांनीही आपल्या यंत्राचं लिनक्सचं सॉफ्टवेअर मिळतं का, हे आधी तपासावं.

मिंट २२ जुलै २०२४ मध्ये आलं. ते उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते असं मिंटवाले सांगतात, शिफारस ४ जीबी आणि १०० जीबीची आहे. माझं मत जरा कडक आहे. ४ जीबी असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, नेहमीच्या सिनॅमन आवृत्तीला ८ जीबी द्या, कारण आजचा ब्राउझर एकटाच दोन-तीन जीबी खातो. आणि रॅमच्या आधी एसएसडी टाका. एच६१ चिपसेटला साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) ३ गिगाबिटचाच वेग आहे, त्यामुळे एसएसडी पूर्ण वेगाने पळणार नाही. तरीही जुन्या हार्ड डिस्कच्या तुलनेत मशीन ओळखू येणार नाही इतकं हलकं होतं.

मिंटचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते न बसवता चालवून बघता येतं. ४ जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्हवर मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, उतरवायची, तिचा शा२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवायचा आणि त्यावरून मशीन सुरू करायचं. अर्धवट डाउनलोड झालेली आयएसओ इन्स्टॉल करताना मध्येच अडकते आणि दोष हार्ड डिस्कवर जातो, म्हणून आकडा जुळवणं टाळू नका. पेनड्राइव्हवरचं हे लाइव्ह मिंट सुरू झालं की लगेच इन्स्टॉलच्या चिन्हावर क्लिक न करता अर्धा तास नुसती तपासणी करा: तारेचं नेट, वायफाय, आवाज, स्क्रीनचं रेझोल्यूशन, प्रिंटर. स्क्रीन काळीच राहिली तर सुरुवातीच्या मेनूतला कंपॅटिबिलिटी मोड निवडा. एनव्हीडियाची जुनी कार्डं इथे त्रास देतात. जीटी ६१० सारख्या कार्डाला लागणारा ३९० क्रमांकाचा ड्रायव्हर उबुंटू २४.०४ मध्ये उरलेला नाही, त्यामुळे मिंट २२ मध्येही नाही. नूव्हो नावाच्या मुक्त ड्रायव्हरवर चाललं तर ठीक, नाहीतर कार्ड काढून प्रोसेसरमधल्याच इंटेल ग्राफिक्सवर मॉनिटर लावा. दुकानाच्या कामाला ते पुरतं.

आता नेट. पुढच्या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनल या आज्ञा द्यायच्या खिडकीत त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

नेट बंद पडलं की आपल्याकडे पहिला उपाय होतो तो फॉरमॅट. हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेण्यासारखं आहे. नेट पाच थरांतून येतं: तार, लॅन कार्ड, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), पत्ता (मशीनचा नेटवरचा आयपी क्रमांक) आणि नाव (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं). खालून वर एकेक थर तपासत गेलं की घोडं कुठे पेंड खातंय ते दहा मिनिटांत सापडतं, आणि मिंट या तपासणीला विंडोजपेक्षा जास्त मोकळेपणाने उत्तरं देतं. माझ्या दृष्टीने जुन्या मशीनवर मिंट घेण्याचं हेच खरं कारण आहे.

तारेपासून सुरू करा. जॅकवरचा दिवा लागतो का बघा. मग टर्मिनल उघडून ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, निरोप दाखवणारी आज्ञा) चालू ठेवा आणि केबल काढून परत लावा. तार आणि कार्ड ठीक असेल तर दोन-चार सेकंदांत ‘लिंक इज अप’ अशी ओळ येते आणि तिच्यातच वेग लिहिलेला असतो. १ जीबीपीएस दिसला तर केबल निर्दोष आहे. १०० एमबीपीएस दिसला आणि राउटर व कार्ड दोन्ही गिगाबिटचे असतील, तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे किंवा टोकाचं क्रिंप (तारांवर दाबून बसवलेला जॅक) नीट बसलेलं नाही. कारण साधं आहे: १०० च्या वेगाला १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट ‘चालू’च असतं, फक्त कूर्मगतीने. काही रिअलटेक कार्डांवर तर डीमेसेज स्वतःच लिहितो की ‘डाउनशिफ्ट’ झालं आहे, केबल तपासा. इतका सरळ निरोप देणारी व्यवस्था वापरायला बरी वाटते.

क्रिंप नव्याने करायचा तर दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवा. क्लिप खाली आणि पिना वर धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. रंग जोडीजोडीने ओळीत लावायचा मोह होतो, तिथेच चूक होते. ३ आणि ६ ही एक जोडी असते, तिच्यामध्ये निळी जोडी येते. जोड्या चुकल्या की छोटी तार चालते, पण वरच्या मजल्यावर नेलेली चाळीस मीटरची तार मध्येच दम सोडते. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर. गोदामापर्यंत त्याहून लांब जायचं असेल तर मध्ये स्विच टाका किंवा फायबर न्या. बाहेरून, गच्चीवरून आलेल्या तारेबद्दल आणखी एक: वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली की तिचा झटका याच तारेने आत येतो आणि मदरबोर्डवरचं लॅन पोर्ट मारतो. स्टॅबिलायझर आणि यूपीएस विजेच्या लाइनवर असतात, ते या वाटेवर नसतातच.

दिवा लागत नाही, डीमेसेज गप्प, तर दुसरा थर. ‘एलएसपीसीआय -के’ द्या आणि ‘इथरनेट कंट्रोलर’ असलेली ओळ शोधा. एच६१ बोर्डांवर बहुतेक वेळा तिथे रिअलटेक ८१११/८१६८ असं दिसतं आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज: आर८१६९’. हा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, सीडी शोधायची गरज नाही. ओळ आहे पण ड्रायव्हरचं नाव नाही, तर दोष ड्रायव्हरचा. ओळच नाही, तर कार्ड बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद केलेलं आहे किंवा जळलेलं आहे. बायोसमध्ये ‘ऑनबोर्ड लॅन’ चालू आहे का ते बघा. चालू असूनही दिसत नसेल तर पीसीआय एक्सप्रेस एक्स१ खाचेत बसणारं रिअलटेकचंच गिगाबिट कार्ड लावा, मिंट ते न विचारता ओळखतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी शिरलेल्या घरांतली, दुकानांतली काही मशीन वाळवून परत वापरात आली आहेत. त्यांच्या लॅन जॅकच्या पिनांवर हिरवट थर असतो, कार्ड एलएसपीसीआयमध्ये दिसतं, पण लिंक येते-जाते. मशीनची वीज पूर्ण काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने जॅक साफ करा. दोनदा साफ करूनही लिंक टिकत नसेल तर जास्त वेळ घालवू नका, वेगळं कार्ड लावा.

विंडोज आणि मिंट एकाच मशीनवर ठेवणाऱ्यांना एक खास अडचण येते. विंडोजमधून बंद करून मिंट सुरू केलं की लॅनचा दिवा विझलेला राहतो. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ मशीन पूर्ण बंद करत नाही, कार्ड झोपेतच राहतं. आत्ता काम भागवायचं तर वीज काढून अर्धा मिनिट थांबा. कायमचं करायचं तर विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या. त्याने विंडोजची ड्राइव्ह मिंटमध्ये फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, ही तक्रारही सहसा मिटते.

लिंक आहे, ड्रायव्हर आहे, तरी नेट नाही? मग पत्ता. ‘आयपी ए’ द्या. कार्डाचं नाव बहुधा ‘ईएनपी२एस०’ अशा थाटाचं असेल. त्यातला आकडा पीसीआय बसवरची जागा सांगतो, म्हणून ग्राफिक्स कार्ड नव्याने बसवलं की तो बदलून ‘ईएनपी३एस०’ होऊ शकतो. जुन्या नावाला बांधलेली जोडणी मग लागत नाही. सेटिंगमधलं जुनं प्रोफाइल पुसून नवं करा.

विंडोजला राउटरकडून पत्ता मिळाला नाही की ते १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतं. मिंट तसं करत नाही. नेटचं चिन्ह फिरत राहतं आणि ४५ सेकंदांनी जोडणी तुटते. विंडोजची सवय असलेले १६९ शोधत बसतात, इथे ‘फिरतंय आणि पडतंय’ हीच ती खूण. राउटर पत्ता का देत नाही? घराघरांत आढळणारं कारण म्हणजे दोन डबे. फायबरवाल्याचा डबा एक आणि वायफायसाठी घेतलेला राउटर दुसरा, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आणि दोघंही पत्ते वाटायला बसलेले. दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.०.१ करा. नाहीतर त्याची डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा, त्याला न वापरलेला वेगळा पत्ता द्या आणि तार वॅनऐवजी लॅन पोर्टात लावा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण मग सगळी मशीन आणि नेटवर्क प्रिंटर एकाच वस्तीत राहतात.

प्रिंटर किंवा बिलिंगच्या मशीनला पत्ता कायमचा द्यायचा असेल तर जोडणीच्या ‘आयपीव्ही४’ पानावर ‘मॅन्युअल’ निवडा: पत्ता १९२.१६८.१.२०, मास्क २४, गेटवे १९२.१६८.१.१, आणि डीएनएसची (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची) जागा रिकामी सोडू नका. ती रिकामी राहते आणि ‘पिंग लागतं (पत्त्याकडून उत्तर येतं) पण वेबसाइट उघडत नाही’ अशी तक्रार येते. कायमचा पत्ता राउटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा हवा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर २० घ्या. टप्प्यातला घेतला तर कधीतरी तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला जातो आणि दोघांचंही नेट लपंडाव खेळायला लागतं.

केबलवाल्याकडून नेट थेट मशीनला येत असेल तर सहसा पीपीपीओई, म्हणजे लॉगिन करून जोडायची पद्धत, असते. ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्ये ‘डीएसएल’ प्रकारची जोडणी करून यूजरनेम-पासवर्ड द्यायचा. यात एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा कमाल बाइटांचा आकार, १५०० ऐवजी १४९२ पडतो, कारण पीपीपीओईचे ८ बाइट त्यातून जातात. ते जुळलं नाही की पिंग लागतं, साध्या साइट उघडतात आणि मोठी पानं अर्ध्यावर लटकतात. तपासायला ‘पिंग -एम डू -एस १४६४ ८.८.८.८’ द्या, यात एम मोठा. १४६४ अधिक २८ बाइटांचं वेष्टन मिळून १४९२ होतात. हे जातं आणि १४७२ जात नाही, तर जोडणीत एमटीयू १४९२ लिहा. मशीन बदललं आणि पासवर्ड बरोबर असूनही नेट येत नाही, तर सेवा देणाऱ्याने जुन्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बांधून ठेवलेला असू शकतो. फोन करून तो सोडवून घ्या.

शेवटचा थर नावाचा. ‘पिंग ८.८.८.८’ लागतं आणि कुठलंही नाव दिलं की लागत नाही, म्हणजे दोष फक्त डीएनएसचा. मिंटमध्ये हे काम सिस्टिमडी-रिझॉल्व्हड करतो. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ दिलं की कुठल्या डीएनएसला विचारलं जातंय ते दिसतं. रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसला तर तो बिघाड नाही आणि ती फाइल हाताने बदलू नका, पुढच्या वेळी तुमचं लिहिलेलं पुसलं जातं. जोडणीच्या पानावर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ लिहा. पानं उघडतात पण आधी बराच वेळ थांबून, असं असेल तर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) ‘डिसेबल्ड’ करून बघा. राउटर आयपीव्ही६ चा पत्ता देतो आणि पुढे वाटच नसते, असं होतं.

इथवर मिंटला तक्रार करायला जागा नाही. वायफायच्या यूएसबी डोंगलवर मात्र नमतं घ्यावं लागतं. त्यात मिंटपेक्षा डोंगल बनवणाऱ्यांचा दोष जास्त आहे. खोक्यावरचं मॉडेलचं नाव एकच असतं, आत व्ही१ ला एक चिप, व्ही२ ला दुसरी. त्यामुळे खोक्यावरच्या नावाने कधीच घेऊ नका. दुकानातच लॅपटॉपवर लाइव्ह मिंट चालवून डोंगल लावा आणि ‘एलएसयूएसबी’ द्या. त्यात दिसणारा चार-चार अक्षरांचा आयडी हाच खरा परिचय.

चिपच्या बाबतीत माझी पसंती अशी. अथेरॉस एआर९२७१ जुनी आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झ, १५० एमबीपीएस, पण ड्रायव्हर आणि फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) दोन्ही मुक्त असल्यामुळे लावली की चालते. मीडियाटेकची एमटी७६०१यू स्वस्तात काम भागवते. ५ गिगाहर्ट्झ हवं तर एमटी७६१२यू. रिअलटेकच्या ८८१२बीयू चिपचा ड्रायव्हर कर्नल ६.२ पासून आत आहे, त्यामुळे मिंट २२ च्या ६.८ कर्नलवर ती चालते. ८८११एयू आणि ८८१२एयू यांना मात्र ६.८ मध्ये आतला ड्रायव्हर नाही. मिंट २२.२ सोबत येणाऱ्या ६.१४ मध्ये आहे. म्हणजे असा डोंगल घरात पडून असेल तर बाहेरचा ड्रायव्हर बांधत बसण्याआधी अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतल्या ‘लिनक्स कर्नल्स’मधून नवा कर्नल घ्या. बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसने (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या सोयीने) बांधला की कर्नल अपडेट झाल्यावर हेडर (बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नसतील तर तो बांधला जात नाही आणि वायफाय सकाळी अचानक गायब. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सेटिंग) चालू असेल तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा निरोप येतो. तेव्हा पुन्हा सुरू होताना येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल एमओके’ निवडून ड्रायव्हर बसवताना तुम्ही ठेवलेला पासवर्ड द्यावा लागतो. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते. ती चुकली म्हणून ‘ड्रायव्हरच चालत नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

काही डोंगल लावल्यावर वायफाय म्हणून न येता सीडी ड्राइव्ह म्हणून येतात. एलएसयूएसबीमध्ये ०बीडीए:१ए२बी दिसला तर हेच झालं आहे. विंडोजचा ड्रायव्हर त्या खोट्या सीडीत असतो. फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर उजवी क्लिक करून ‘इजेक्ट’ करा. दोन-तीन सेकंदांत डोंगल खऱ्या रूपात परत येतो आणि आयडी बदलतो. दर वेळी करायला नको असेल तर ‘सुडो यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी’ ही आज्ञा सुरुवातीलाच चालेल अशी लावून द्या. यात के मोठा.

डोंगल ओळखला, नेटवर्क दिसतं, पण पासवर्ड घेत नाही. इथे मराठी टंकणाऱ्यांची एक खास अडचण आहे: कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि खिडकीत फक्त ठिपके दिसतात. ‘शो पासवर्ड’वर खूण करा, देवनागरी अक्षरं दिसतील. ते ठीक असेल तर राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर आहे का बघा. जुन्या डोंगलसाठी डब्ल्यूपीए२/३ मिश्र ठेवावं लागतं. वायफायचं बटणच करडं असेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’.

जोडलेलं राहतं पण दर थोड्या वेळाने सुस्तावतं, तर दोन संशयित. एक, वीज वाचवण्याची सेटिंग. इटीसी या सिस्टिमच्या फोल्डरातल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात कॉन्फ.डी आहे, त्यातल्या ‘डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ’ या फाइलमध्ये ३ च्या जागी २ करा आणि ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर’ द्या (यात एन आणि एम मोठे). डेस्कटॉपला बॅटरी नसते, वीज वाचवण्याचा तिथे काही उपयोग नाही. दोन, जागा. डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात असेल आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क चालू असेल, तर यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर येतो. एक मीटरची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल कॅबिनेटपासून दूर, टेबलावर ठेवा. लोखंडी कॅबिनेटच्या मागे, भिंतीला चिकटलेल्या डोंगलकडून चांगल्या सिग्नलची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

हार्डवेअरमधल्या तीन गोष्टी नेटच्या वेषात येतात, म्हणून इथेच सांगतो. पहिली, बायोसचा सेल. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, तीस-चाळीस रुपयांचा. दहा वर्षांच्या बोर्डावर तो संपलेला असतोच. तारीख मागे जाते, ब्राउझर प्रत्येक साइटला ‘असुरक्षित’ म्हणतो, अपडेट ‘नॉट व्हॅलिड येट’ म्हणून थांबतं. नेट मिळालं की मिंट घड्याळ आपोआप लावून घेतं, पण ज्या ऑफिसात किंवा कॉलेजात घड्याळाची वेळ आणणारं यूडीपी १२३ पोर्ट अडवलेलं असतं तिथे ते जमत नाही. ‘टाइमडेटसीटीएल’ दिलं की दिसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसेल तर राउटरला हात लावण्याआधी घड्याळ बघा. सेल बदलल्यावर बायोसमध्ये बूटची पद्धतही तपासा. मिंट यूईएफआय या नव्या पद्धतीने बसवलेलं असेल आणि बोर्ड मूळ सेटिंगवर लेगसी या जुन्या पद्धतीकडे गेला असेल तर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ येतं. डिस्क शाबूत असते.

दुसरी, धूळ. यार्डातल्या मशीनच्या पंख्यावर हळदीची पूड आणि हवेतला ओलावा मिळून जो थर बसतो तो फुंकरीने निघत नाही. डीमेसेजमध्ये ‘टेंपरेचर अबव्ह थ्रेशोल्ड’ दिसलं म्हणजे प्रोसेसर स्वतःचा वेग कापतो आहे. माणसाला वाटतं नेट मंद झालं. हीटसिंक काढून ब्रशने साफ करा, जुनी वाळलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. यार्डात हे वर्षातून दोनदा लागतं.

तिसरी, डिस्क. ‘डिस्क्स’ प्रोग्रॅममध्ये स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींची) माहिती उघडा. ५ आणि १९७ या ओळींत आकडे वाढत असतील तर आजच बॅकअप घ्या. १९९ ची ओळ वाढत असेल तर डिस्क बदलू नका, साटा केबल बदला. तो दोष डिस्कपर्यंतच्या वाटेवरचा आहे. चांगल्या डिस्क या एका आकड्याच्या अज्ञानापायी भंगारात जातात, त्याचं वाईट वाटतं. रॅमचा संशय असेल तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून मेनू आणा आणि मेमटेस्ट किमान एक पूर्ण फेरी चालू द्या. त्याआधी पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने पुसून परत बसवा.

प्रिंटरबद्दल थोडक्यात, पण हे वाचल्याशिवाय मशीन बदलू नका. आपल्याकडे काउंटरवर एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी२९०० हमखास दिसतो. एचपी १०२० दर वेळी चालू करताना फर्मवेअर मागतो. ‘एचपी-प्लगइन’ चालवून एचपीचा प्लगइन घ्या, त्यानंतर तो नीट छापतो. प्लगइन नसेल तर काम रांगेत जातं आणि कागद हलत नाही. एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती अपडेटमध्ये बदलली की प्लगइन पुन्हा घ्यावा लागतो, हे काउंटरवर लिहून चिकटवून ठेवा. कॅनन २९०० कॅप्ट नावाच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि लिनक्ससाठी कॅननचा ड्रायव्हर जुना आहे, त्याला ३२ बिटच्या लायब्ररी लागतात. बसवता येतो, पण ज्याला टर्मिनलचा सराव नाही त्याने यात पडू नये. तो प्रिंटर दुसऱ्या विंडोज मशीनला लावून शेअर करा, किंवा पुढचा प्रिंटर घेताना ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ किंवा ‘एअरप्रिंट’ लिहिलेला घ्या. असा प्रिंटर नेटवर्कवर आला की मिंट त्याला ड्रायव्हरशिवाय ओळखतं.

इन्स्टॉल झाल्यावर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट (सिस्टिमची प्रत ठेवणारा प्रोग्रॅम) लावा, शक्यतो वेगळ्या डिस्कवर, आठवड्याला एक आणि बूटला एक प्रत. अपडेटनंतर नेट गेलं तर मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर नेट आलं तर ‘एलएसपीसीआय -के’ दोन्ही कर्नलवर चालवून ड्रायव्हरची ओळ जुळवून बघा, आणि नव्या कर्नलची पुढची दुरुस्ती येईपर्यंत जुन्यावरच दुकान चालू ठेवा.